तटाखालची चूल

मावशींची चाळण त्या टेकडीवरच्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जुनी होती. बायबलमध्ये एका शहराची गोष्ट आहे: शिंगं फुंकली, माणसं एका सुरात ओरडली, तट कोसळला आणि शहर जाळलं गेलं. ते शहर याच टेकडीखाली आहे का, हे शोधायला खोदकाम चाललं होतं. वर आलेली माती मावशी चाळत. मणी, हाडं, जळके दाणे चाळणीवर राहत, आणि धूळ मावशींच्या केसांत.

"रोज अर्धं शहर डोक्यावर घेऊन घरी येता," सून म्हणायची.

पण गेल्या हंगामात दोन मणी मावशींच्या नजरेतून निसटले, ते टाकून दिलेल्या मातीत सापडले. खोदकामावर देखरेख करणाऱ्या बाई तेव्हापासून 'आता विश्रांती घ्या' असं गोड बोलत होत्या. मावशींना त्यातली गोडी कळत होती. अशात मावशींनीच खड्ड्याच्या भिंतीत राखेचा काळा पट्टा दाखवला, नेमका हव्या त्या खोलीवर. बाई जागच्या जागी नाचल्याच. कोळशाचं वय काढायला नमुने प्रयोगशाळेत जायचे ठरले.

"मावशी, नजर अजून तेज आहे हो! चाळण तुमचीच."

दुसऱ्या सकाळी त्याच पट्ट्यातली माती चाळताना एक दगड आला. फुटक्या जात्याचा तुकडा, एका बाजूला खाच. मावशींचा हात थबकला. ही खाच त्यांना पाठ होती. तीस वर्षांपूर्वी, आधीच्या पथकाच्या खड्ड्याच्या तळाशी, मातीच्या पाट्या उचलणाऱ्या एका तरुणानं हाच दगड चुलीला लावला होता. खाचेमुळे किटली डुगडुगत नसे. त्याच चुलीवर चहा उकळत असताना त्यानं लग्नाचं विचारलं होतं. पुढे खड्डा बुजवला, चूलही आत गेली.

दगड ढिगावर भिरकावला असता तर कुणाला कळणार होतं? प्रयोगशाळेचं उत्तर यायला सहा महिने. तोवर हा हंगाम तरी सुखात गेला असता. मावशींनी दगड दोनदा खाली ठेवला, दोनदा उचलला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बाई, ही आग मी लावली."

"काय?"

"चहासाठी."

बाईंनी दगड पाहिला, मावशींना पाहिलं. "पुरावा?" त्यांनी सवयीनंच विचारलं.

"दोन वीत डावीकडे उकरा. किटलीचं झाकण असेल. त्यानं लग्नाचं विचारलं आणि माझ्या हातातून ते पडलं. हरवलं कुणामुळे, यावरून आमचं पहिलं भांडण."

बाईंनी स्वतः उकरलं. दोन वितींवर, गंजून वाकडं झालेलं, झाकण होतं.

मग बाई खड्ड्यातच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. नमुन्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी काढल्या आणि वहीत लिहिलं: 'चहाची चूल. पुरावा भक्कम, साक्षीदार हयात.'

"आणि शहर?" मावशींनी चाचरत विचारलं.

"असेल आणखी खाली. नसेल तर तेही लिहू."

"मग मी... विश्रांती?"

"मणी दिसायला चष्मा मिळतो, मावशी. उद्या नंबर काढून या. चाळण जागेवरच आहे."

मावशींनी केस झटकले, पण गेल्या नाहीत.

"बाई, ते झाकण आजच्यापुरतं घरी नेऊ? भांडण अजून मिटलेलं नाही."