मर्व्हचा प्रोजेक्टर आणि ओरेस्टची सावली

मर्व्ह फ्रीझनला कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या आधी तिचं सोंग उभं करून बघायची सवय. सोफा घ्यायचा ठरला तेव्हा त्याने बैठकीत महिनाभर खोकी मांडून ठेवली होती, आणि त्याची बायको डोरीन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बसा ना, हा आमचा नवा सोफा." गावच्या हॉकी रिंकवर पाण्याचे थरावर थर गोठवून बर्फ धरण्यात त्याची उभी हयात गेली. घाईने धरलेला बर्फ फुटतो, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं.

त्यामुळे त्या हिवाळ्यात गॅरेजच्या छताला दोरीने हातदिवा लोंबकळताना दिसला, तरी डोरीनला नवल वाटलं नाही. राग आला तो गाडी बाहेर काढल्याचा.

"गाडी उणे तीस अंशांत कुडकुडतेय आणि दिवा आत ऊब खातोय."

"तो दिवा नाही, प्रोजेक्टर आहे."

"असं होय. सोफ्यासारखा."

गॅरेजात गोल्फ आणायचं चाललं होतं. समोर जाड पडदा, त्यावर प्रोजेक्टरने पाडलेलं मैदान. चेंडू पडद्यावर मारायचा, आणि तो पुढे कसा उडाला असता ते यंत्र हिशेब करून दाखवणार. पडदा, हिरवी चटई, यंत्र, सगळं येऊन पडलं होतं. घोडं अडलं होतं प्रोजेक्टरपाशी.

गावाला वाटलं, मर्व्हला म्हातारपणी हौस आली. पण हा सगळा खटाटोप ओरेस्टसाठी होता. ओरेस्ट हाव्रिलुक, ताडमाड उंच, धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, मर्व्हचा जन्माचा गोल्फचा जोडीदार. गेल्या उन्हाळ्यापासून त्याची नजर अधू झाली होती. सातव्या भोकाच्या वाटेवर एकदा चेंडू मारून तो कितीतरी वेळ आभाळाकडे बघत राहिला. चेंडू त्याच्या बुटाशेजारीच पडला होता. मर्व्ह हसला. ओरेस्ट हसला नाही. त्याने पिशवी खांद्याला लावली. "वसंतात चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकतो या काठ्या," म्हणाला आणि चालू लागला. ओरेस्ट बोलला की करतो. त्यानंतर तो सकाळच्या कॉफीलाही येईनासा झाला.

असल्या यंत्राच्या खेळात, सिम्युलेटरमध्ये, चेंडूच्या वाटेची जाड, ठळक रेघ उमटते, हे मर्व्हने कुठेतरी पाहिलं आणि त्याची झोप उडाली. ओरेस्टला पुन्हा आपला चेंडू दिसेल. पण चित्र फिकट असलं किंवा मध्ये सावली आली, तर तो पुन्हा आभाळाकडे बघत राहील, आणि मग त्याला दुसऱ्यांदा बोलावण्यात अर्थ नव्हता.

सॅस्कटून शहरातल्या दुकानातल्या मुलीने फोनवर साधा प्रोजेक्टर सुचवला. तो पडद्यापासून लांब, म्हणजे खेळणाऱ्याच्या मागे टांगावा लागतो. मर्व्हने हातदिवा मागे टांगला, उजवीकडे थोडा सरकवला, काठी घेऊन चटईवर उभा राहिला. पडद्यावर सावली नाही. दिवा हलवून, वाकून, काठी फिरवून पाहिलं, तरी नाही. खुशीत येऊन त्याने फोन उचलला, तेवढ्यात डोरीन बटर टार्टची बशी घेऊन आत आली.

"झालं सोंग?"

"झालं. बघ, कुठे सावली दिसते?"

डोरीनने बघितलं. बशी ठेवली, दुधाचा क्रेट ओढला, कोपऱ्यातली जुनी हॉकीची काठी घेऊन चटईच्या दुसऱ्या बाजूला त्यावर चढली. टोपीच्या गोंड्यासकट तिची सावली पडद्याच्या मधोमध पसरली.

"तिकडे कशाला उभी राहिलीस?"

"ओरेस्ट कुठे उभा राहतो रे?"

मर्व्हने फोन खाली ठेवला. ओरेस्ट सही उजव्या हाताने करतो, पेरोगीचे उकडलेले कानवले उजव्या हाताने खातो. पण पोरवयात हॉकीची काठी डावखुऱ्यासारखी धरली ती धरलीच, आणि इथल्या अर्ध्या गावासारखा तो गोल्फही तसाच, चेंडूच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून खेळतो. एवढी वर्षं समोर उभा राहिलेला माणूस, आणि मर्व्ह आठवडाभर स्वतःचीच सावली मोजत बसला होता.

"सोफ्यावर निदान बसता तरी येत होतं," डोरीन म्हणाली आणि क्रेटवरून उतरली.

मग दिवा पुढे सरकला, खेळणाऱ्याच्याही पुढे, छताला चिकटून, मधोमध. डोरीन पुन्हा क्रेटवर. सावली गेली. इतक्या जवळून मोठं चित्र पाडणारा प्रोजेक्टर महाग होता, आणि मर्व्हला तर त्यातलाही सगळ्यात प्रखर हवा होता.

"गॅरेजला खिडकी नाही म्हणता," दुकानातली मुलगी म्हणाली, "मग एवढा उजेड कशाला, काका?"

"खिडकी नाही, पण आमचे डोळे जुने आहेत."

चेंडू उसळून काचेला लागू नये म्हणून मर्व्हने प्रोजेक्टरपुढे गोलरक्षकाच्या जुन्या मुखवट्याची जाळी बसवली. राहिलं ओरेस्टला आणणं. ते डोरीनने केलं. "काठ्या द्यायच्याच आहेत ना?" तिने फोन केला. "मग आणून टाक. मी चर्चला पोचवते."

ओरेस्ट पिशवी घेऊन आला. गॅरेजात पाऊल टाकलं आणि थबकला. पडद्यावर लख्ख हिरवं मैदान.

"हे काय रे, म्हाताऱ्या? वेड लागलं?"

"एक मार. मग दे चर्चला."

त्याने मारला. पडद्यावर पिवळी रेघ वर चढली, वळली, झाडीत घुसली. ओरेस्टची नजर शेवटपर्यंत तिच्यामागे गेली.

"झाडीत," तो म्हणाला.

"नेहमीसारखा."

दुसराही झाडीत. ओरेस्ट कुरकुरला, "काहीतरी चुकतंय. माझी सावली कुठाय?"

मर्व्हने छताकडे बोट दाखवलं. "सावली नाहीये. मुद्दाम घालवलीय. महिना गेला त्यात!"

"मैदानावर मी पायापुढच्या सावलीत बघतो, डोकं हललं की नाही ते. उन्हाकडे पाठ करून सरावाला उभा राहतो, ते काय गंमत म्हणून?"

कोपऱ्यातला हातदिवा मर्व्हने उजव्या भिंतीच्या खिळ्याला, ओरेस्टच्या पाठीमागे अडकवला आणि लावला. चटईवर सावली पडली. पडदा जरासा फिकटला, पण प्रखर प्रोजेक्टरने चित्र सोडलं नाही.

ओरेस्टने खाली बघितलं, डोकं स्थिर धरलं, मारला. रेघ सरळ गेली.

डोरीन पिशवी उचलायला वाकली. "मग, ठेवू गाडीत?"

"हात लावू नकोस," ओरेस्ट म्हणाला आणि पुढचा चेंडू मांडला.