त्या गाडीत माझी म्हैस

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय, म्हणून लिहितोय.

माझा दिंडोरीचा दोस्त सागर आज आंतरराष्ट्रीय कार रॅलीत धावला. सहा वर्षं त्याच्या शेजारी नेव्हिगेटर म्हणून मी बसायचो. पुढचं वळण कसं आहे ते मी वहीतून मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून गाडी हाणायची. मग द्राक्षबाग माझ्या अंगावर पडली आणि मीच सोडलं.

आज फवारणी अर्धवट टाकून मोबाईलवर लाईव्ह बघत बसलो. माझ्या सीटवर बंगळुरूची एक मुलगी. काय वाचते हो! कुठे अडखळणं नाही. खरं सांगतो, मनात आलं, हिचं एखादं तरी वळण चुकावं.

बायको म्हणाली, "तुम्हीच सोडलं ना? मग आता कशाला तोंड पाडून बसलाय?"

तेवढ्यात ती मुलगी इंग्रजी वाचता वाचता ओरडली, "म्हैस!" सागरनं कचकन ब्रेक मारला.

अहो, तो शब्द माझा! आमच्या सरावात एकदा वळणापलीकडे म्हैस उभी होती, थोडक्यात वाचलो. तेव्हापासून समोरचं न दिसणाऱ्या प्रत्येक वळणाला मी वहीत "म्हैस" लिहायचो.

संध्याकाळी सागरचा फोन. "ऐकलंस का रे? तिला पहिल्याच दिवशी शिकवला. त्या शब्दाशिवाय माझा पाय ब्रेकवर जातच नाही."

बायको म्हणते, खूश व्हा. पण सीट मी स्वतः सोडली होती, म्हैस नव्हती सोडली. तुम्ही झाला असता का खूश?