एक पोरगी कमी

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की आम्ही मास्तर लोक पोरं गोळा करायला निघायचो. पवनीच्या आमच्या शाळेला अकरावी-बारावी नुकती जोडली होती आणि ठरलेली पोरं मिळाली नाहीत तर विषय बंद व्हायचा. पाली भाषेचे सर भल्या पहाटे निघायचे, संस्कृतचे सर सायकलवर टांग टाकून त्यांच्या मागोमाग, आणि मी, जर्मनचा मास्तर, दहाच्या एसटीने. तोवर हुशार पोरं त्या दोघांनी वाटून घेतलेली असायची. उरलेल्यांपुढे मी जर्मनची थोरवी गायचो.

वैनगंगेच्या काठी जर्मन कशाला, असं कुणी विचारलं की माझं एकच उत्तर असे: मार्क पडतात. संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याला नागपुरात पडले होते, म्हणून तर त्यांनी हा विषय सुरू केला होता. मी स्वतः नागपुरात ही भाषा शिकलो तेव्हा मार्कांचा विचार केला नव्हता. मला तिकडे जायचं होतं. दोनदा प्रयत्न केला, दोनदा राहून गेलं. मग लग्न झालं, नोकरी लागली. वाईट वाटायचं तेवढं वाटून झालं होतं. म्युनिकच्या स्टेशनवर तिकीट कसं मागायचं ते मी वर्गात घोकून घ्यायचो, खिडकीबाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत असायची, आणि दोन्हींचं मला काहीच वाटत नसे.

त्या वर्षी ठरलेल्या आकड्याला एक पोर कमी पडत होतं. हेडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं की शनिवारपर्यंत ते मिळालं नाही तर जर्मन बंद, आणि मग मला आठवीचा भूगोल देता येतो का ते बघावं लागेल. घरी दोन लेकरं होती. जवळच्या कोंढा गावची एक मुलगी अजून कुणाच्या हाती लागली नव्हती असं कळलं, म्हणून मी कोंढ्याला गेलो.

वडील धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायला शेतावर गेले होते. आईने अंगणात खाट टाकली आणि चुलीवर चहा ठेवला. मुलगी दाराला टेकून उभी राहिली. मी नेहमीचं पारायण सुरू केलं, पण मार्कांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिकडे बर्फ किती पडतो, तिथल्या मुली एकट्या गाडीने जातात का, असं ती विचारू लागली. मी पुस्तकातलं सांगत गेलो. सांगता सांगता मलाच थोडा चेव आला, नद्या, पूल, गाड्या सगळं सांगितलं, आणि तिथेच घात झाला. आईचा चेहरा उतरला.

त्यांच्या शेजारची एक मुलगी नर्सिंग शिकून मुंबईला गेली होती, ती आईच्या मयतीलाही पोचली नाही. ही हकिगत मला सविस्तर ऐकावी लागली. जर्मनी मुंबईच्याही पुढे आहे एवढं त्या बाईला पक्कं माहीत होतं. लेक एवढ्या लांब धाडायची नाही, म्हणजे नाही. मी नाना परीने समजावलं, पण तिचा विश्वास बसेना.

आमच्याकडे शब्दावर भागत नसलं की माणसाला पाणी उचलायला लावतात. ओंजळीत पाणी घेऊन कुणी खोटं बोलत नाही, असं मानतात. बांधाच्या भांडणात, सोयरिकीत मी ते पाहिलं होतं. मास्तरावर ती पाळी आलेली मात्र कधी ऐकली नव्हती. बाई आत जाऊन तांब्या घेऊन आली. मी हात पुढे केले.

"आता सांगा, मास्तर. हे शिकून कोनी तिकडं जाते का?"

पाणी बोटांमधून गळत होतं. नोकरी टिकवायची तर उत्तर एकच होतं, आणि गंमत म्हणजे ते खरंही होतं.

"नाही बाई. कोनीच जात नाही. मीच नाही गेलो, त ही कुठची जाते?"

हे मी त्याआधी कधी तोंडाने बोललो नव्हतो, बायकोजवळही नाही. बोललो तर छातीत काहीतरी होईल अशी धास्ती होती. काही झालं नाही. मी ओंजळ अंगणात रिकामी केली आणि हात रुमालाला पुसले. बाई खूश झाली. चहात वरून आणखी साखर घालून तिने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली की लिहून टाका पोरीचं नाव.

तेव्हा मुलगी बोलली.

"कोनी जातच नाही, त मंग मी कायले शिकू, सर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. आई तिला दटावू लागली की सर एवढ्या उन्हात आले, घेऊन टाक. पण ती आईकडे न पाहता माझ्याचकडे पाहत राहिली. मार्क पडतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. किती घरांत ते मी बिनदिक्कत सांगितलं होतं. तिच्यापुढे ते निघेना. मी चहा संपवला आणि परतीची एसटी धरली.

जर्मन त्याच जूनमध्ये बंद झाली. भूगोल मिळाला, पगार चालू राहिला. वाईट वाटून घेऊ नका, असं हेडमास्तर म्हणाले. मी वाटून घेतलं नव्हतंच, घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. पुढे कधीतरी कळलं की त्या मुलीने संस्कृत घेतलं. माझ्या वर्गात आली ती सगळी पोरं मार्कांसाठी आली. जायचं म्हणून शिकू पाहणारी तेवढी एकच भेटली, आणि जाता येत नाही हे तिच्या दारात जाऊन मीच तिला सांगून आलो.