वैशाखातला मुरूम

तपासणीला त्यांना वैशाखच सापडला, हा योगायोग होता असं मला अजूनही कोणी सांगू नये.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या इंदिरानगरात इमारती उठत होत्या आणि त्यांची खडी माझ्या मामाच्या मळ्यामागच्या टेकडीतून निघत होती. आदल्या पावसाळ्यात खाणीतल्या सुरुंगांनी मळ्यातल्या विहिरीच्या दगडी बांधकामाला तडा गेला. मामाचा सगळा झेंडू त्या एका विहिरीवर. ती गेली की मळा गेला. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होते आणि खाणीविरुद्ध पत्रकं वाटत होते. तक्रार मीच केली. तिची दखल घ्यायला वैशाख उजाडला.

तपासणीचे साहेब आले तेच खाणमालकाच्या जीपमधून. आमच्याकडे हादरा बघायची रीत सोपी आहे: विहिरीच्या काठावर पाण्याने भरलेली ताटली ठेवायची. साहेबांनीही तीच मागवली. सुरुंग उडाला. ताटलीत जेमतेम एक सुरकुती उठली.

साहेबांनी मूठभर मुरूम उचलून चुरला. "खाण आणि विहीर यांच्यामधे हा थर आहे. नुसती छिद्रं. हादरा आला की छिद्रं मिटतात, दाणे एकमेकांत घुसतात, जोर तिथेच संपतो. उशी आहे ही, उशी."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर डोकं जास्त फिरलं. कोरडा मुरूम हादरा गिळतो हे खरंच. सुरुंगाच्या भोकालगत तो दबून पीठ होतो, तापतो, आणि जोर त्यातच खर्ची पडतो. पण हे सगळं छिद्रांत हवा आहे तोवर. पावसात तीच छिद्रं पाण्याने भरतात. हवा दबते, पाणी सहजासहजी दबत नाही. मिटायला जागाच उरत नाही, मग धक्का थेट पलीकडे.

"साहेब, हेच श्रावणात करून बघा," मी म्हणाले.

मालक हसला. "ताई, पत्रकं तुम्ही वाटा. दगडाचं आमच्यावर सोडा."

"दगड तुमचा. विहीर कोणाची?"

"भाची लय शिकली तुमची," तो मामाला म्हणाला. "उजवून टाका आता."

"तिचं राहू द्या," मामा म्हणाला. "पावसाचं बोला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. खाण चालू राहिली.

श्रावणात मी झेंडू खुरपत होते. हादरा आधी पायांना कळला, आवाज मागून आला. ताटली मांडायची वेळच आली नाही. विहिरीची खाणीकडची बाजू सुटली आणि दगड एकामागून एक पाण्यात पडत राहिले.

या वेळी साहेब लगेच आले. जीप तीच.

"पावसाने ढासळली," ते आत वाकून म्हणाले. "बांधकाम जुनं आहे. उन्हाळ्यात पुन्हा तपासू."

"आज तपासा ना. तेवढाच सुरुंग लावा आणि तुम्ही इथे काठावर उभे राहा."

साहेबांनी मालकाकडे बघितलं.

"चला साहेब," मालक म्हणाला, "चिखल लय झालाय."

दोघं जीपकडे निघाले तेव्हा माझं तोंड सुटलंच होतं. मामाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. उरलेली बाजू खाली यायच्या आत पाण्याची मोटार वर काढायची होती. त्याने दोराचं टोक माझ्या हातात कोंबलं.

"धर घट्ट. शिव्या मागून दे."