दांडा पडल्यानंतर

भावाची मुलं आत्या म्हणायची, म्हणून अख्खा तबेला तिला आत्याच म्हणायचा. उड्या मारणाऱ्या घोड्यांच्या पैदाशीसाठी दोन तरण्या घोड्यांतला एक ठेवायचा होता. भाऊ, मोतद्दार, नालबंद, सगळ्यांचा कौल काळ्याला होता. काळा होताच देखणा, शिवाय आडव्या दांड्यावरून हातभर उंच उडायचा. त्याच्यापुढे तांबडा म्हणजे पाप्याचं पितर.

“ताई, यात बघायचं काय राहिलंय?” भाऊ वैतागला.

“तुझं बघून झालं असेल. माझं नाही,” असं म्हणून आत्याने स्वतः जाऊन दांडा वर चढवला. घोडे पाडतील इतका वर.

काळ्याचा खूर लागला आणि दांडा खाली आला. पुढच्या फेरीला काळा दांड्यापाशी आला आणि पाय रोवून उभा राहिला. मोतद्दाराने चुचकारून पाहिलं, पण पठ्ठ्या जागचा हलेना.

तांबड्यानेही दांडा पाडला. पण पुन्हा आला तेव्हा त्याने कान टवकारले, गुडघे छातीशी घेतले आणि केसभरही न लागता पार झाला.

“हाच ठेवायचा,” आत्या म्हणाली.

“अगं, पण रूप?”

“मागच्या खेपेला तू रूपच बघितलं होतंस. त्या घोड्याच्या लेकीने असेच पाय रोवले. ती दांड्याच्या अलीकडे राहिली, मी पलीकडे गेले.”

आणि आखडलेला पाय ओढत ती तांबड्याला धरायला निघाली.