बधिर पाय आणि आईची सुई

दृढ संकल्पापुढे देह नमतो, असं मी बऱ्याच जाड पुस्तकांत वाचलं आहे. ती लिहिणाऱ्यांपैकी कोणाला पाठीत सुई घालून कमरेखाली बधिर केलेलं नसावं.

मला केलं होतं. हर्नियाचं ऑपरेशन सकाळीच उरकलं होतं आणि दुपारी मी दिलसुखनगरच्या एका इस्पितळात स्वतःच्या पायांकडे बघत पडलो होतो. चादरीखाली मांडीला हात लागला तर दुसऱ्याच कोणाच्या मांडीला लागल्यासारखा वाटला. मी संकोचून काढून घेतला. नियम साधा होता. पाय उचलले, चालता आलं आणि लघवी झाली, तर संध्याकाळी घरी. नाहीतर रात्रीचा मुक्काम.

मुक्काम शक्य नव्हता. तारनाक्याला घरी आई एकटी होती. रात्री जेवणाआधी तिला इन्सुलिन लागतं आणि ते ती फक्त माझ्या हातून घेते. सुनेचा हात जड आहे, हा तिचा निकाल; त्यावर अपील नाही. बायको माझ्याजवळ बसली होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंना सुई द्यायला पाठवू का, असं तिने आईला फोनवर विचारून पाहिलं. आईने फोन मला द्यायला सांगितला.

"तू ये. तोवर मी जेवत नाही."

मी उजव्या पायाच्या अंगठ्यावर चित्त एकवटलं. त्याला आज्ञा केली, मग विनंती केली. बऱ्याच वेळाने चादर हलली.

"हलला," मी म्हणालो.

"पलंगाला माझा गुडघा लागला," बायको म्हणाली.

तेवढ्यात सर्जन आले. पुढे एक, मागे चार, अशा थाटात. त्यांनी फाईल उघडली, "एक्सलंट" म्हणाले आणि फाईल मिटली. पायांकडे कोणी पाहिलं नाही. लवाजमा पुढच्या पलंगाकडे गेला आणि तिथेही सगळं एक्सलंट निघालं.

घरी कधी सोडणार, हे मी सिस्टरला पुन्हा पुन्हा विचारत होतो. शेवटी ती सलाईन काढता काढता म्हणाली, "इत्ती जल्दी कायकू, अंकल? पाँव अपने टाइम पे आते."

मी मात्र अंगठ्याचा पिच्छा सोडला नाही. उन्हं उतरल्यावर तळव्यांत मुंग्या आल्या, मग अंगठा हलला, मग गुडघा. मी लगेच उठलो. चार पावलांवर पाय मुडपले. सिस्टरने बगलेत हात घालून परत आणून बसवलं. थोडं थांबून पुन्हा निघालो. बाथरूमच्या दाराबाहेरून बायकोने नळ सोडायला सांगितलं. असल्या उपायांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. सोडला. काम झालं.

टॅक्सीत प्रत्येक गतिरोधक टाक्यांना कळत होता. आई उपाशी आहे, एवढंच मी घोकत होतो. घरचा जिना कठड्याला धरून चढलो, हात धुतले आणि फ्रिजकडे वळलो. आई टीव्हीसमोर बसली होती.

"आधी बस," ती म्हणाली. "झोकांड्या खातोयस."

"तुझी सुई राहिलीय."

"घेतली मी."

"कोणी दिली?"

"कोण देणार? माझी मी."

फोनवर तर वेगळंच सांगत होतीस, असं मी म्हणालो. तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

"घेते म्हटलं असतं, तर तू तिथेच झोपला असतास."

बायको स्वयंपाकघरात पान वाढायला गेली. आईचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.