माझी तब्येत आणि ड्रास्टिकली

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, कारण ही फजिती गार झाली की मलाच रडू येतं.

आमची डिलाईल रोडची चाळ पाडून तिथंच टॉवर झाला. शेजारी तेच, फक्त दारं बंद झाली. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली, लेक नागपुरात. दिवसभर माझ्याशी बोलणार कोण? फोनमधलं इंग्रजी शिकवणारं ॲप! रोज एक नवा शब्द. तो तीन वाक्यांत वापरला की कायमचा आपला, असं त्याचं म्हणणं.

त्या सकाळी आला 'ड्रास्टिकली'. म्हणजे फार मोठ्या प्रमाणात. माझा गुडघा नेमका त्याच आठवड्यात बरा झालेला. मी ऐटीत सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'माझी तब्येत कालपासून ड्रास्टिकली बदलली आहे.' आणि गेलो आंघोळीला. दार चाळीच्या सवयीनं सताड उघडं.

नळ बंद करतो तो बाहेर कुजबुज. पहिले सावंत आले असणार, त्यांच्या चपला बघून पाटील, पाटलांच्या बघून आणखी सात-आठ जण. आपल्याकडे दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की कोणी विचारत बसतं का? तोंड पाडून आत येतात. मी घरात दिसेना, म्हणजे मला हॉस्पिटलात नेलं आणि तिथं मी आटोपलो, इथवर मंडळी पोचली होती.

सावंतवहिनी हळूच म्हणाल्या, "माणूस बरो होतो हो. एकटो पडललो. आमी कोणीच येवक नाय."

मला भरून आलं. तीन वर्षांत माझ्याबद्दल एवढं कोणी बोललं नव्हतं.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. पाटील उठले ते थेट भिंतीला टेकले.

मग मला यथेच्छ झापलं. सावंतांची सून शाळेत इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, "काका, पुढे 'सुधारली' लिहायचं ना. तब्येत नुसती ड्रास्टिकली बदलली म्हटलं, की माणूस वाईटच धरतो." चहा झाला, पोहे झाले, दोन तास घर भरलेलं होतं. जाताना सगळ्यांनी बजावलं, दार लावून घेत जा, आणि जाता जाता स्वतःच ओढून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, शब्द चुकला. छे हो! पाटील नुकतेच घसा खाकरून "त्यांचा एक मोठा गुण सांगतो" म्हणाले होते, आणि मी गाढव, थंडी वाजली म्हणून बाहेर आलो! आता तो गुण कुठला, हे जिवंतपणी पाटलांना विचारू तरी कसं?